स्पीकरच्या पोटातली घूं

मी भित्रा माणूस नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तसा गैरसमज होण्याचा संभव आहे. ज्ञानगंगेच्या रानात एकदा अस्वल माझ्या मोटरसायकलीसमोर दोन पायांवर उभं राहिलं, तेव्हा मी त्यालाच बोथा गावाची वाट विचारली होती आणि त्यानं हात करून ती दाखवली होती. ही गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच ती सगळ्यांना सांगितली आहे. पण त्या चैत्रात एका स्पीकरनं माझी जी गत केली ती अस्वलाच्या सात पिढ्यांना जमली नसती.

स्पीकर माझा नव्हता, दादाचा होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्यानं उभी हयात नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये काढली. तिथं सरकी वेगळी होऊन रुई उडायची. अर्धी रुई गठाणीत जायची, अर्धी दादाच्या छातीत. ती सगळी बाहेर काढता आली असती तर गावातल्या यंदाच्या सगळ्या लग्नांच्या गाद्या भरून दोन उशा उरल्या असत्या. वहिनी गेल्यावर मी त्याला आमच्याकडे घेऊन आलो. धाडच्या रस्त्याला लागून आमचं गाव, गावाच्या टोकाला आमची गल्ली, आणि गल्लीत आमचं घर. घराच्या पडवीत दादाचं ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत असे. त्याची वायर खिडकीतून आत येऊन पलंगाजवळच्या प्लगमध्ये जाई, आणि लांब नळी दादाच्या नाकाशी थांबे. नळी काढली की थोड्याच वेळात त्याचे ओठ जांभळाच्या बीसारखे दिसायला लागत. एवढ्या एका गोष्टीत मी कधी पदरचं घातलं नाही.

छाती गेली पण दादाचे कान शाबूत होते. जिनिंगच्या त्या गोंगाटात कोणत्या रोलरचं कातडं झिजलंय, हे तो फाटकाबाहेर चहा पिता पिता सांगायचा. आता पडल्या पडल्या त्याला भजनं आणि पेटी ऐकायला मिळावी म्हणून त्याच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, पुण्याहून दोन स्पीकर आणून दिले. काळे ठोकळे, पोटातच अँप्लिफायर, थेट प्लगमध्ये खोचायचे. आम्ही ते उतरवले तेव्हा पुतण्याची गाडी वीतभर वर उठली. आवाज असा की पेटीवाल्यानं श्वास घेतला तरी ऐकू यावा. मशीन पडवीत का ठेवलं, तर त्याच्या घुरघुरीनं दादाच्या गाण्यात खंड पडू नये म्हणून.

होळीनंतर काही दिवसांनी दादा म्हणाला, "लहान्या, हे घूं कायचं येऊन राह्यलं?"

मला काही ऐकू येत नव्हतं. मी म्हणालो, "पेटीचा सूर असन."

"गाणं तर बंद हाये बे."

गाणं खरंच बंद होतं. मी स्पीकरपाशी गेलो, गुडघ्यावर बसलो, आणि मग मलाही ऐकू आलं. भुंगा डबीत कोंडला की जसा आवाज येतो तसा. उजव्यातून जास्त, डाव्यातून कमी. पहिली भीती अर्थातच पुतण्याची वाटली. इतकी महागाची वस्तू माझ्या ताब्यात देताना त्यानं मला तीनदा बजावलं होतं, की काका, याला हात लावायचा नाही. मी हात लावला नव्हता. फक्त एकदा धूळ पुसताना मागचं बटण फिरवून पाहिलं होतं, तेही दोन्ही बाजूंना सारखंच.

पुतण्याला फोन लावला. त्यानं विचारलं, "काका, आवाज पुढून येतो की मागून?"

पुढं कान लावला तर काही नाही. मागं लावला तर भुंगा हजर.

"गाण्याची वायर काढून बघा."

काढली. भुंगा तसाच.

"म्हणजे तो गाण्याच्या वाटेनं येत नाहीये. आतला ट्रान्सफॉर्मर घुमतोय. उघडू नका हं काका."

मी तेव्हा स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊनच बोलत होतो, पण फोनवर ते दिसत नाही.

मग माझे उपाय सुरू झाले. स्पीकरखाली रबराचं पायपुसणं घातलं. फ्रिज बंद केला. प्लग बदलला, दुसऱ्या खोलीत नेला, स्वयंपाकघरात नेला. तिथं आमच्या घरचीनं विचारलं, "याले आता भाजी खाऊ घालता का?" रबरानं आवाज जरा बसला, पण गेला नाही. शिवाय तो दिवसभर सारखा नसे. सकाळी कमी, दुपारी असा वाढे की मग मलाही पलंगापर्यंत ऐकू येई. दादा गाणं लावू देईना. म्हणायचा, "दोन सुरांच्या मधी हे घुसून बसते."

शेवटी मी उजवा स्पीकर गोधडीत गुंडाळला, मोटरसायकलीवर बांधला आणि धाडला साडूच्या घरी नेला. रस्त्यात लोक विचारत होते कोणाचं काय झालं, इतका मी जपून चाललो होतो. साडूच्या घरी प्लग लावला. कान लावला. काहीच नाही. साडूनं लावला, साळीनं लावला, बाजाराला आलेल्या तिच्या नणंदेनंही लावला. सगळ्यांचं एकमत झालं, की स्पीकर मुका आहे. मी आनंदानं चहा प्यालो, परत आलो, त्याच प्लगमध्ये लावला, आणि भुंग्यानं मला ओळख दाखवली.

स्पीकर बिघडला असता तर पुतण्याच्या चार शिव्या खाऊन मोकळा झालो असतो. पण स्पीकर धड होता. बिघडलं होतं ते आमचं घर. मी भिंतींकडे पाहिलं, वायरींकडे पाहिलं. त्या रात्रंदिवस तिथंच होत्या, पण आता मला त्या भिंतीवर चढलेल्या सापांसारख्या दिसायला लागल्या.

पुतण्या म्हणाला, "लाईन जास्त येत असेल काका. एक मीटर आणा, प्लगमध्ये खोचायचा, आकडा दाखवणारा. दोनशे तीस-चाळीसच्या आसपास असायला पाहिजे."

मीटर आणला. दुपारी लावला. दोनशे साठ. मी म्हटलं, चला, सरकार उदार झालं. घरची म्हणाली, "तरीच. यंदा पंखा कसा भिंगरीवानी फिरून राह्यला." खरंच, गेले काही दिवस पंखा जोरात फिरत होता आणि आम्ही खुशीत होतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात कांदे टोपलीतच परतले जातात. तिथं पंखा जोरात फिरतो म्हणून कोण तक्रार करील?

तेवढ्यात गल्लीच्या दुसऱ्या टोकाला मसाल्याची चक्की सुरू झाली. चैत्र म्हणजे वर्षाचं तिखट दळायचे दिवस. चक्की दिवसभर चाले आणि सगळी गल्ली शिंकत असे. चक्कीचा आवाज आला, आणि माझ्या डोळ्यांदेखत मीटरचा आकडा चढला. पासष्ट. सत्तर. स्पीकर घूं करून बोलला. देवाजवळचा झिरोचा पिवळा बल्ब पांढरा होत गेला.

आता, चक्की सुरू झाली की दिवा मिणमिणतो हा जगाचा नियम आहे. आमचा उजळत होता. सासूला पाहून सुनेनं नाचायला लागावं तसलं काहीतरी ते होतं, आणि हसू मात्र येत नव्हतं.

मी चक्कीवर गेलो. म्हटलं, "भाऊ, जरा बंद कर. तू चालू केली की माहा स्पीकर घुमते."

चक्कीवाला नाकावरचा रुमालही न काढता म्हणाला, "काऊन, माह्या मिरचीचा त्याले ठसका लागते का?" तिखटाच्या डब्यांपाशी बसलेल्या बायका हसल्या. मी परत आलो आणि पुतण्याला फोन करून हे सगळं सांगितलं. जरा रंगवूनच सांगितलं. मला वाटलं तो हसेल.

त्यानं विचारलं, "काका, बाबांचं मशीन कुठल्या प्लगवर आहे?"

मशीन त्याच लाईनवर होतं. इतके दिवस मी दोन काळ्या ठोकळ्यांची काळजी करत होतो, आणि पडवीत तीच वीज पिऊन दादाचा श्वास चालला होता.

वायरमनला फोन लावला. तो दुसऱ्या गावात खांबावर होता. त्यानं वरूनच विचारलं, "चक्की लागली की तुमचा आकडा खाली जाते?"

"वर जाते."

"वर? नीट पाहून सांगा."

"वरच जाते बापा, मी पाहूनच राह्यलो."

"मंग न्यूट्रल सुटत असन. घरात महागाचं जे काय हाये ते काढून ठेवा. मी येतो."

"माह्या घरात महागाचा दादाच हाये," मी म्हणालो, पण तोवर त्यानं फोन ठेवला होता.

न्यूट्रल म्हणजे परतीची वायर. वीज येते, काम करते आणि या वाटेनं घरी जाते. ही वाट तुटली की गल्लीतली वीज वाट फुटेल तिकडं शिरते. मग एकाकडं उपास, दुसऱ्याकडं दुप्पट जेवण. आम्ही दुप्पट जेवणाच्या पंगतीत बसलो होतो, आणि ते मशीन दुप्पट जेवलं असतं तर जळालं असतं. नवं मिळायचं तर बुलढाण्याहून, तेही दुकानात असलं तर. इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी बेडकासारखी फुगून गेली होती.

लाईट गेली की लावायला एक लहान सिलिंडर घरात होता. तो मी ओढत आणला. चावी मी उलटीकडंच फिरवत होतो, म्हणून घरचीनं मला बाजूला केलं आणि स्वतः ती फिरवली. दादाची नळी मशीनवरून काढून सिलिंडरला जोडली. स्पीकरचे प्लग काढले आणि मशीनचा उपटला. घुरघुर थांबली. दिवसरात्र चालणारा तो आवाज थांबल्यावर घर इतकं रिकामं वाटलं, की मला दादाकडे बघायचीही भीती वाटली.

"कायले बंद केलं?" दादानं विचारलं.

"वायरमन येऊन राह्यला. थोडा वेळच."

"सिलिंडर किती हाये?"

काट्याकडे पाहिलं. तो तांबड्या पट्ट्याच्या जवळच टेकला होता. मागच्या वेळी लाईट गेली तेव्हा वापरून झाला, आणि भरून आणायचा राहून गेला होता. "लई हाये," मी म्हणालो.

दादानं माझ्याकडे पाहिलं. जन्मभर माझ्या थापा ऐकताना पाहत आला तसा. मग डोळे मिटून म्हणाला, "अस्वलाचं सांग."

मी तोंड उघडलं. अस्वल आलंच नाही. माझ्या अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. मी नुसता त्याचा पाय दाबत बसलो.

घरची दारात उभी होती. ती एकदम म्हणाली, "मावशी गेल्यापासून खांबाले पाणी कोणी टाकलं का?"

शेजारची मावशी होळीच्या सुमाराला लेकीच्या बाळंतपणाला लोणारला गेली होती. ती रोज सकाळी विजेच्या खांबाच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतायची आणि सणासुदीला हळदकुंकूही वाहायची. गल्लीत त्याला मावशीचा लाईटदेव म्हणत. हे नाव मीच ठेवलं होतं. घरचीनं तिला फोन लावला. मावशी तिकडून मोठ्यानं बोलली, तेव्हा मलाही ऐकू आलं, "एका जुन्या वायरमननं सांगितलं होतं मले. म्हणे, बुढे, इथं अर्थिंग गाडलेली हाये. पाणी टाकत जाय, तुहा बल्ब कधी जाणार नाही. काऊन, वाळू देलं का तुम्ही?"

म्हणजे परतीची वायर कधीचीच कुजलेली होती, आणि आमच्या गल्लीतली सगळी वीज मावशीच्या बादलीतून घरी जात होती.

मग जे व्हायचं तेच झालं. घरचीनं दारातूनच गल्लीला ओरडून सांगितलं, आणि घरोघरचे लोक बादल्या, घागरी, पातेली घेऊन खांबाकडं निघाले. चक्कीवालाही चक्की तशीच चालू ठेवून पिंप घेऊन आला. मी सगळ्यांच्या पुढं, अनवाणी, हातात दादाच्या आंघोळीची बादली. ओतलं. जमीन फसफसली. आणि माझ्या तळव्यांतून काहीतरी चावत पोटऱ्यांपर्यंत चढलं. मुंग्या म्हणतात तसल्या नव्हेत, मुंगळे. खांबाजवळ बांधलेली शेळी चारी पायांवर उडाली, आडवी पडली आणि मग ओरडत उठली. गर्दी मागं सरली. सगळे शेळीकडे आणि मग आपापल्या पायांकडे पाहत होते.

घरातून घरची ओरडली, "आकडा उतरला. दोनशे चाळीस दाखवते."

मी धावत आत गेलो. सिलिंडरचा काटा तांबड्यात शिरला होता. दादाचे खांदे प्रत्येक श्वासाला वर येत होते. मी मशीनचा प्लग हातात घेतला. मीटर चाळीस म्हणत होता. वायरमनचा पत्ता नव्हता. लावला आणि लाईन परत चढली तर मशीन गेलं. नाही लावला आणि सिलिंडर संपला तर. तो प्लग मला इतका जड वाटला, की दोन्ही स्पीकर त्यात कोंबलेत असं वाटलं.

"थांब," दादा म्हणाला. बोलायला त्याला त्रास होत होता. "आधी स्पीकर लाव."

"आता गाणं?"

"गाणं नाही बे. ऐकतो मी."

मी उजवा स्पीकर लावला. डावा भीतीनं बाजूलाच ठेवला. दादानं डोळे मिटले. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मीटर चाळीसवर ठाम होता. घरची माझ्याकडं बघत होती.

"हाये अजून," दादा म्हणाला. "कमी-जास्त होऊन राह्यलं. नको लावू."

"दादा, आकडा बरोबर हाये."

"नको लावू."

मी काट्याकडे पाहिलं, दादाच्या ओठांकडे पाहिलं. त्याचं ऐकू की डोळ्यांचं, हे मला ठरवता येईना. मी प्लग सॉकेटपाशी नेलासुद्धा. तेवढ्यात मलाही ती घूं ऐकू आली. ती वाढली, भरून आली, स्पीकरखालचं रबर थरथरलं. देवाजवळचा बल्ब पांढराफटक होऊन फुटला. पंखा किंचाळला. आणि स्पीकर फट्ट करून गप्प झाला. त्याच्या मागून जळक्या लाखेसारखा वास आला. बाहेर कोणाच्या तरी घरात बाई रडली, टीव्ही गेला म्हणून.

प्लग माझ्या हातातच होता.

घरचीनं मेन स्विच पाडला. मग आम्ही तिघं तसेच होतो. मी दादाच्या पाठीशी बसून त्याला माझ्या छातीवर टेकवून धरलं, कारण आडवं झालं की त्याला जास्त धाप लागे. त्याचा श्वास मला माझ्या बरगड्यांत जाणवत होता. माझा वर आला की त्याचाही येतो का, एवढंच मी बघत होतो. माझ्याही नकळत मी त्याच्यासाठी जोरानं श्वास घ्यायला लागलो होतो.

वायरमनच्या मोटरसायकलीचा आवाज आला तेव्हा काटा खुंटीला टेकलेला होता. त्यानं आधी डीपी पाडून गल्लीची लाईन तोडली, मग खांबाभोवतीचं पाणी पाहिलं आणि गल्लीला अशा शिव्या दिल्या, की त्यातल्या काही मी अजून जपून ठेवल्या आहेत. "मरायचं होतं का सगळ्याले एका लायनीत? अर्थिंगले पाणी परतीची तार धड असताना टाकतात, तुटल्यावर नाही." वर चढून त्यानं जळून काळा झालेला जोड तोडला, नवी वायर ओढली आणि आवळली. त्या वेळात घरची दादाला पदरानं वारा घालत होती, जणू वाऱ्यानं ऑक्सिजन जमा होतो. मी तिला थांबवलं नाही.

लाईन सुरू झाली. वायरमन मीटर हातात धरून चक्कीवाल्याला म्हणाला, "चालू कर." चक्की लागली. आकडा दोनानं उतरला.

"लावा आता," तो मला म्हणाला.

माझा हात पुढं होईना. त्यानंच प्लग खोचला. मशीनची शिट्टी वाजली, दिवा लुकलुकला, आणि पडवीत घुरघुर सुरू झाली. मी नळी बदलली. दादाचे खांदे हळूहळू खाली आले. ओठांचा रंग परतायला वेळ लागला, तो मी पूर्ण पाहिला.

वायरमन चहा पिऊन गेला. पुतण्याला फोन करून सांगितलं, की उजवा स्पीकर गेला. तो म्हणाला, "फ्यूज असेल काका. जाऊ द्या." मी पडवीत मशीनशेजारी जमिनीवर बसलो. घरचीनं चहा बशीत ओतला आणि बशी माझ्या तोंडाला लावली.

आतून दादानं हाक मारली, "लहान्या, चालू हाये ना?"

"हाव."

थोड्या वेळानं परत, "चालू हाये ना बे?"

मशीन माझ्या कानाशी घुरघुरत होतं. तरी मी हात त्याच्या पत्र्यावर ठेवून, थरथर लागते का पाहून, मगच बोललो. "हाव, दादा. चालू हाये."

अंधार पडेपर्यंत तो विचारत राहिला, आणि मी दर वेळी आधी हात लावून पाहत राहिलो.